मीनाच्या खिडकीचा पडदा

मंगळवार, संध्याकाळ

उद्या पुण्याला कामावर जायचं, अन् डोक्यात पडदाच फिरून राह्यला.

लग्न झाल्यापासून मीना म्हणून राह्यली, आपल्या खोलीच्या खिडकीला पडदा पाहिजे, रस्त्यावरची माणसं आत बघतेत. म्हणून आज जाफराबादला गेल्तो. तयार पडद्यांचे भाव ऐकले अन् साधं निळं कापड घेतलं, दांड्याऐवजी स्प्रिंगची तार. आई म्हणली, "माझं जुनं लुगडं काय वाईट होतं? फुकटात झालं असतं." तरी शिवून तिनंच दिलं.

दोन खिळे ठोकून तार ताणली. पडदा बराबर बसला. मी मीनाला म्हणलो, "मी गेल्यावर रोज नीट ओढून घेत जा."

"न्हाई बाई. तुम्ही गेले की गाठ मारून बाजूला ठेवणार."

"मंग एवढा खर्चा कशाला करायला लावला?"

"तुम्ही घरी हायेत तवर पडदा लागतो. गेल्यावर येणारी एसटी दिसली पाहिजे ना."

हसलो. पण ती गाठ काही डोक्यातून जाईना. खुश व्हावं का वाईट वाटून घ्यावं? बिलकुल कळंना. ठेकेदारानं सांगितलंय, आता दिवाळीलाबी सुट्टी न्हाई. ते मीनाला सांगायचं अजून राह्यलंय.