फडक्याला लागलेला लाल

३ फेब्रुवारी, शनिवार

घेतली! एकोणीस वर्षांची आहे. (गाडी. मी एकोणपन्नास.) कागदावर रंग 'लाल' लिहिलाय. प्रत्यक्षात वाळलेल्या खडूसारखा फिकट गुलाबी, टपावर तर पांढराच. हात फिरवला की बोटांना पावडर लागते.

हे बाल्कनीतून ओरडले, "चालत आली की ढकलत आणलीस?" मी नुसती किल्ली वर धरून दाखवली. आजवर माझ्या नावावर काय होतं? गॅसचं कनेक्शन आणि वाचनालयाचं कार्ड.

विकणारे निवृत्त मास्तर आहेत. नजर गेलीये, उजेड-अंधार तेवढा कळतो. किल्ली देताना टपावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. "पूर्वी हिच्यात तोंड दिसायचं हो," म्हणाले. अगदी माफी मागितल्यासारखं. गाडी विकतानासुद्धा माणूस लाजला! मला घरी येईपर्यंत तेच आठवत राहिलं.

४ फेब्रुवारी, रविवार

कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेले. तिथले पेंटरकाका म्हणजे रंगातला शेवटचा शब्द. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनेटवर बोट ओढलं, फुंकर मारली. "सगळं घासून नवा रंग मारावा लागेल. नाहीतर अशीच चालवा. म्हातारीला कितीही पावडर लावा..." मग माझ्याकडे बघितलं आणि पुढचं गिळलं.

मी विचारलं, जुना रंग खाली शिल्लक नसेल का? त्यांनी फडक्यावर चिमूटभर रबिंगची पेस्ट घेतली, दाराच्या खालच्या कोपऱ्यात नाण्याएवढी जागा घासली. फडकं लाल झालं. वाटलं, होता तोही रंग निघाला. काका हसले. "घाबरू नका, जुन्या पद्धतीचा रंग आहे हा. याच्यावर पारदर्शक थर नसतो. हा वरचा मेलेला रंग निघतोय."

आणि त्या नाण्याएवढ्या जागेत — लाल! ओला वाटावा असा लाल.

"पण किती उरलाय कुणास ठाऊक. कडा सांभाळा. कडेला रंग पातळ असतो."

"मीच घासणार," म्हणाले. काकांनी मान डोलावली ती 'बघूच' अशी.

त्यांना सांगितलं नाही, पण सव्वीस वर्षं मी दुसरं काय करते? दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासून चकचकीत करते. माझं काम लोकांच्या तोंडात बसतं, हसतं, जेवतं. आणि ते कुणाला कळलं नाही तरच चांगलं म्हणायचं. घासायचं मला कुणी शिकवू नये!

११ फेब्रुवारी, रविवार

आज फक्त आंघोळ. दोन बादल्या — एक साबणाची, एक फडकं खळबळायची. फडक्यात एक खडा राहिला तरी तो सगळ्या गाडीवर नक्षी काढतो. धुऊन वाटलं, किती स्वच्छ! मग काकांची युक्ती केली. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून हात फिरवला. अरे देवा, रवाळ! पिशवीतून सगळं कळतं. डांबराचे ठिपके, झाडाचा चीक, धातूची धूळ. दुकानातून मातीसारखी मऊ वडी आणली होती, ती साबणाच्या पाण्यावर फिरवत राहिले. वडी काळी झाली की घडी घालायची, पुन्हा फिरवायची. पाच तास लागले. संध्याकाळी पिशवी घालून हात फिरवला तर काचेसारखा सरकला.

रंग मात्र होता तसाच. हे म्हणाले, "काहीच फरक नाही." डोळ्यांनी बघत होते ना!

१२ फेब्रुवारी, सोमवार

दंड वर उचलत नाहीत. सकाळी वेणी ह्यांनी घातली. वाईट घातली.

१८ फेब्रुवारी, रविवार

हात दाखवून अवलक्षण! माझ्याच हातांनी!

उजवी दोन्ही दारं हाताने घासून झाली होती. इतकी सुंदर झाली होती की डोक्यात हवा गेली. बोनेटसाठी काकांकडून मशीन मागून आणलं. "कडांना चिकटपट्टी लावा," त्यांनी दोनदा सांगितलं. तीन कडांना लावली. चौथीला म्हटलं, मला कशाला पट्टी, मी रोज मशीनवरच असते! आणि क्षणात बोटभर लांब राखाडी पट्टा. रंग जळून संपला, खालचं अस्तर दिसायला लागलं.

मशीन बंद केलं. पायरीवर बसले. नवशिक्या मुलींना मीच सांगते — कड आली की हात उचला. उद्या त्यांना काय तोंडाने सांगणार?

हे खाली आले. मला वाटलं आता ऐकवणार. बघितलं, म्हणाले, "चहा टाकतो." बस. एवढंच.

२० फेब्रुवारी, मंगळवार

काकांना दाखवलं. खोटं बोलले नाही, "पट्टी लावली नव्हती," म्हटलं. काका म्हणाले, "माझ्या हातून पहिल्यांदा रंग जळला तो मालकाच्या नव्या गाडीचा." मग आत गेले, लाल रंग कालवत बसले. सहा वेळा कालवला. शेवटी लहान बाटली हातात दिली. "ब्रश बारीक घ्या."

बारीक ब्रश! दातावर रंगछटा काढायचा माझा ब्रश तर तीन केसांचा आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार

त्या पट्ट्यावर रोज एक पातळ थर दिला. थर वाळेपर्यंत हात लावायचा नाही, हे सगळ्यात अवघड. आज पाचवा थर वाळला, मग पाण्यात भिजवलेल्या बारीक कागदाने अगदी हलक्या हाताने सपाट केला. श्वास धरून! पुसलं. शोधायला लागले. सापडेना!

ह्यांना बोलावलं, "सांगा बघू कुठे होतं." त्यांनी चष्मा लावून, वाकून, डोळे बारीक करून भलत्याच बाजूची कड दाखवली. इतकी हसले की शेजारच्यांनी खिडकी उघडली.

३ मार्च, रविवार

टप, डिकी, डावी बाजू. सगळं हाताने. मशीन परत दिलं, कानाला खडा. बावीस फडकी लाल झाली. दोरीवर वाळत घातली तर हे म्हणाले, "कुणाचा खून केलास?" आणि मग स्वतःच बादली घेऊन डाव्या मागच्या दाराला बसले. गोल गोल घासत होते. मी म्हटलं, सरळ रेघेत, गोल नाही. "हो बाई," म्हणाले, आणि सरळ घासायला लागले! लग्नाला चोवीस वर्षं झाली, एकदाही असं ऐकलं नव्हतं माझं.

९ मार्च, शनिवार

मेण चढवलं. पातळ, एकेका भागावर, वाळू दिलं, मऊ फडक्याने पुसलं. डाव्या बाजूचं शेवटचं दार पुसून उभी राहिले तर दारात एक बाई उभी. केस विस्कटलेले, नाकावर मेणाचा ठिपका. मीच!

पाणी शिंपडून बघितलं. थेंब मोत्यांसारखे गोल होऊन घरंगळत गेले. तीन तांबे पाणी उगीचच शिंपडलं.

पेंटरकाका मुद्दाम आले. चक्कर मारली. बोट नाही ओढलं — हात मागे बांधून बघत होते. "टपाला नवा रंग लागेल असं मी लिहून दिलं असतं," म्हणाले. मग, "पक्ष्यांची घाण पडली तर लगेच धुवा. वाळू देऊ नका. आणि धुळीवर कव्हर घालू नका, कव्हरच ओरखडे काढतं." माझ्या कामाला आता जपायचे नियम आहेत! आणखी काय हवं?

१० मार्च, रविवार

मास्तरांकडे घेऊन गेले. ह्यांनी विचारलं, "त्यांना दिसत नाही, काय दाखवणार?" मलाही माहीत नव्हतं.

मास्तर काठी टेकत अंगणात आले. बोनेटवर तळहात ठेवला. या वेळी काढला नाही. हळूहळू पुढे सरकले — बोनेट, काच, टप, मागचं दार, डिकी. सगळ्या गाडीला हाताने प्रदक्षिणा. जिथे जळलं होतं तिथून हात गेला, थांबला नाही.

मग म्हणाले, "कुणी केलं हे?"

सव्वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. 'मी' म्हणायला दोन वेळा तोंड उघडावं लागलं.

"तुमच्या हातांना कळतं," म्हणाले. मग म्हणाले, "कसा दिसतो रंग आता? सांगा." मी सांगत बसले. लाल. पण नुसता लाल नाही. टपात आभाळ दिसतंय, दारात तुमची काठी दिसतेय, काठीशेजारी तुम्ही. परत फाटकाशी आल्यावर हे म्हणाले, "उद्यापासून माझी स्कूटर बाहेर लावतो. हिला आतली जागा."

१४ मार्च, गुरुवार

सकाळी आठला खालच्या मजल्यावरची सून कळा येऊन जिन्यातच बसली. दिवस भरले नव्हते, नवरा बाहेरगावी, ॲम्ब्युलन्स अर्ध्या तासावर. मागच्या सीटवर झोपवलं तिला. ह्यांनी फाटक उघडलं ते घाईत अर्धंच. डावी बाजू लोखंडी खांबाला घासत गेली — पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत. आवाज ऐकला. थांबले नाही.

मुलगी झाली. दोन किलो शंभर. रडली जोरात.

ती बाजू अजून बघितलेली नाही.