नुईच्या हाताचं जांभळं मलम

३ फेब्रुवारी
नुईचा हात भाजला! चुलीवरचा उकळता रस्सा उजव्या हातावर सांडला म्हणे. मी गोठ्यात होते. पोर ओरडलीसुद्धा नाही. चौदा वर्षांची आहे फक्त — खिंडीतलं बर्फ वितळलं की तिला रेशीम गिरणीत जायचंय. ह्यांनी तिथल्या माणसाला शब्द दिलाय, तो न्यायला येणार. तिथं बोटांवर पोट, पण रोज भात मिळतो. इथं काय, वरीची पेज. शेजारची किनू तिथून खोकत परत आली, असं नुई सारखं म्हणते. सगळ्या थोड्याच खोकतात!

५ फेब्रुवारी
फोड फुटले. बोटं एकमेकांना चिकटायला लागलीत. वैद्य खिंडीपलीकडे. माहेरहून आणलेली जांभळी मुळं काढली. तिळाचं तेल, मेण, थोडी डुकराची चरबी — सगळं आईसारखंच केलं. आईचं जांभळं व्हायचं, माझं मलम झालं मातकट. तरी लावलं.

७ फेब्रुवारी
पुन्हा मातकट. आच मंद ठेवली होती, शप्पथ! रडू आवरेना. सासूबाईंनी उठून मुळांची टोपली हुंगली. "मुळा धुतात तशी घासून धुतलीस ना? अगं, सगळा रंग सालीत असतो. तो मोरीत सोडून आलीस."
आधी का नाही सांगितलंत, म्हटलं.
"तू विचारलंस कधी?"
मूठभरच मुळं उरलीत.

८ फेब्रुवारी
माती नुसती झटकली. सासूबाई कढईशी बसून राहिल्या. त्यांच्या आजेसासूची रीत म्हणे. तेल बघता बघता वांग्याच्या सालीसारखं झालं. मी त्यांच्या पाया पडले.

१४ फेब्रुवारी
सहा दिवस लावतेय. जखम उलट चिघळली. मलमात खोट नाही — सासूबाईंच्या टाचांच्या भेगा भरल्या! मग माझ्याच पोरीचा हात का भरत नाही? कान्नोनदेवी, माझी बोटं घे. माझी दहाही घे.

१५ फेब्रुवारी
खिंड उघडली. नुई जेवली नाही.

१६ फेब्रुवारी
नुईच्या अंथरुणाखालच्या पेंढ्यावर जांभळे डाग. मलम रोज पुसून टाकत होती. रस्सा सांडलाच नव्हता, तिनं हात आत घातला होता. "आई, तो माणूस येऊन जाईपर्यंत बरा करू नकोस ना."
मलम लावलं. त्यावर स्वच्छ फडकं, आणि सगळ्यांत वर कालची पू लागलेली पट्टी. उद्या तो आला की मीच सांगणार, हात कामातून गेला.