पेडलला टेकवलेलं डोकं

ता. १ ऑक्टोबर १९३७, शुक्रवार. संध्याकाळ.

मशीनला पाय आले. खामगावहून मेहकरपर्यंत मोटारीच्या टपावर, मेहकरहून डोणगावपर्यंत कडूबाच्या बैलगाडीत. वेशीपासून दुकानापर्यंत मी मुद्दाम गाडीच्या पुढे चाललो. लोकांनी विचारलं नाही, तरी सांगितलं: लोखंडी स्टँड आहे, खाली पेडल, बाजूला मोठं चाक, चाकावरून चामड्याचा पट्टा वर मशीनला. पायाने पेडल दाबायचं, मशीन चालते. दोन्ही हात मोकळे.

हातमशीनवर शिंप्याचा एक हात जन्मभर हँडल फिरवतो, म्हणजे माणूस अर्धाच शिवतो. हे माझं मत जुनं आहे. जुनी मशीन काढून स्टँडवर बसवली आणि निघालेलं हँडल रंगरावाला देऊन टाकलं. रंगराव म्हणजे गावातला दुसरा शिंपी. त्याचं हँडल मोडलेलं होतं. मागे पडणाऱ्याबद्दल मनात दया असावी.

किसनराव पाटलांच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. पायमशीन येणार म्हणून सगळी ऑर्डर मला. शिवाय त्यांच्या घरची रीत अशी की लग्नात, भर मांडवात, शिवणाऱ्याला मान देतात. माझ्या वडिलांना फेटा बांधला होता. आता माझं डोकं.

सौ. म्हणाली, मी एकदा बसून पाहू का. तिला समजावलं की हे यंत्राचं काम आहे. तिच्याकडे काजं-बटणं आहेत, ती काही कमी नाहीत.

निश्चय: रोज पहाटे सराव. आठवड्यात फुल स्पीड.

ता. ३ ऑक्टोबर.

चाक उलटं फिरतं. पेडल दाबल्यावर पुढे जायचं की मागे, हे मशीन स्वतःच ठरवते. मागे गेली की दोरा तुटतो. पुढे गेली तर मला आनंद होतो, पाय थांबतो, आणि मग ती मागे जाते.

मशीन परदेशी आहे. त्या देशात उलटं शिवत असतील.

ता. ४ ऑक्टोबर.

दोष मशीनचा नाही, पायाचा आहे. चौतीस वर्षं या पायांना जत्रा दाखवल्या, करकरीत जोडे दिले, तेल लावलं, आणि ऐन वेळी ते उलटले. टाच म्हणते थांब, चवडा म्हणतो चल. घरचाच माणूस फितूर झाला तर तक्रार कुणाकडे करायची?

रंगराव दारात उभा राहून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, “काऊन बे वैजनाथ, उभ्या मशीनले लाथा मारून राह्यला?” दुपारपासून दुकानाचं एक दार लावून घेतलं. संशोधन चालू असताना प्रेक्षक नकोत.

ता. ७ ऑक्टोबर.

पहाटेचा सराव झाला नाही. थंडीत पट्टा आखडतो.

सौ. दुपारी ज्वारी निवडत बसली होती. पायाच्या अंगठ्याला आमच्या तान्ह्या बारकीच्या पाळण्याची दोरी. हात सुपात, तोंड आईशी बोलण्यात, आणि पाळणा आपला चाललेला. मला म्हणाली, असा पाय ठेवा, म्हणजे जमेल. मी हसलो. पाळणा आणि मशीन यांत फरक आहे. पाळण्यात बारकी असते, मशीनमध्ये स्पीड असतो.

ता. १३ ऑक्टोबर. खंडेनवमी.

मोठा दिवस. आज हत्यारांची पूजा. कात्री, गज, इस्त्री सगळं मांडलं. किसनरावांना मुद्दाम बोलावलं होतं. ते आले, त्यांच्यासोबत चार मंडळी आली, रंगरावही आला.

बाकीचे शिंपी हळदीकुंकू मशीनच्या मानेवर लावतात. हे अज्ञान आहे. शक्ती कुठे आहे? पेडलमध्ये. म्हणून मी पेडल धुतलं, त्यावर स्वस्तिक काढलं, झेंडूची फुलं वाहिली, नारळ फोडला, आणि सर्वांदेखत पालथं पडून पेडलला डोकं टेकवलं. वर म्हणालो, ही आमची लक्ष्मी. किसनरावांनीही हात जोडले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. सौ. आत पुरण वाटत होती, त्यामुळे तिला हे पाहायला मिळालं नाही.

रिवाजाप्रमाणे आज मशीन चालवायची नसते. उद्या दसरा, उद्याही नको. रिवाज आपल्या लोकांनी विचारपूर्वक केलेले आहेत.

ता. १५ ऑक्टोबर.

घात झाला. सकाळी स्टुलावर बसलो, पाय उचलला, तो आईने वरच्या वर धरला.

“परवा जिच्यावर डोस्कं टेकलं, तिच्यावर आज लात ठेवतं काय?”

मी म्हणालो, अगं, ती मशीन आहे. आई म्हणाली, परवा तर तूच लक्ष्मी म्हणत होतास, पाटलांनीही हात जोडले, गाव काय म्हणेल. दारात तेवढ्यात दोघे-तिघे जमलेच होते. मी मोजे घालून पाहू म्हटलं. आईने लहानपणी बघायची तसं बघितलं. जोशीबुवांकडे गेलो. ते म्हणाले, अक्षता टाकून उत्तरपूजा करा, देवत्व निघून जाईल. ते आईला सांगितलं. ती म्हणाली, लक्ष्मीला घरातून जा म्हणतोस का?

जिने जन्म दिला तिनेच पाय धरला. लग्नाचं कापड घरात येऊन पडलंय. एका दृष्टीने बरं झालं, पायाला थोडी विश्रांती हवीच होती. पण हे मी ठरवायला हवं होतं.

ता. १६ ऑक्टोबर.

रंगरावाकडे गेलो. म्हटलं, थोडे दिवस हँडल दे, पुन्हा हातमशीन करतो. त्याने स्वतःच्या मशीनकडे बोट दाखवलं. माझं हँडल तिला छान बसलं होतं, तेलपाणीही केलेलं. म्हणाला, “देल्लं दान वापस मांगतं काय बे?” आणि माझ्याच हँडलने माझ्यासमोर सदऱ्याची बाजू मारली.

दया करू नये.

ता. १८ ऑक्टोबर.

सौ.ने आईजवळ विषय काढला. सरळ म्हणाली, “डोस्कं यायनं टेकलं. म्या तं पुरणात होती. माह्या पायाले कायचं पाप?”

आईने विचार केला आणि म्हणाली, हाव, हे खरं. दोघींचं अर्ध्या मिनिटात मिटलं. माझ्याशी बोलताना हीच आई दोन दिवस शास्त्र काढत होती.

असो. योजना मीच पक्की केली. इंजिन ती, ड्रायव्हर मी. पाय तिचे, हात आणि बुद्धी माझी.

ता. १९ ऑक्टोबर.

योजनेची ट्रायल. मी स्टुलावर मांडी घालून बसलो, कारण पाय खाली सोडले तर लक्ष्मीला लागतात. सौ. खाली पाटावर बसून बाजूने एक पाय पेडलवर घालून चालवत होती. ती चालव म्हटल्यावर चालवते, थांब म्हटल्यावर पण थोडी चालवते. शिवण बैलाच्या मुतासारखी गेली. मी हँ म्हटलं की ती थांबायची. एकदा मी नुसता खोकलो, तरी थांबली.

दारातून कुणीतरी विचारलं की वैजनाथबुवा मांडी घालून कशाचा जप करताहेत.

उद्या मेहकरला जातो. दोरा, अस्तर आणायचं आहे. ड्रायव्हरशिवाय इंजिन बंद राहील.

ता. २३ ऑक्टोबर.

मेहकरला जरा जास्तच थांबावं लागलं. दोऱ्याचा रंग निवडणं घाईचं काम नाही.

परत आलो तर दोरीवर नवऱ्या मुलीचे झंपर टांगलेले. मी कापून गेलो होतो ते सगळे. शिवण सरळ. सौ. मशीनवर बसलेली, दोन्ही पाय पेडलवर, पाठ माझ्याकडे, आणि काहीतरी गुणगुणत होती. मशीनचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. तुटत नव्हता.

कटिंग माझं होतं, हे विसरून चालणार नाही. कापड नीट कापलं की शिवण आपोआप सरळ येते. हे तिलाही सांगितलं. ती हो म्हणाली. इतक्या सहज हो म्हणायला नको होतं.

ता. ८ नोव्हेंबर.

दिवाळीत वेळ झाला नाही. तक्रारी साठल्या आहेत.

किसनरावांच्या घरून शालूबाई आल्या, सोबत आणखी बायका. मी दुकानात मापाची फीत गळ्यात घालून बसलेला. मला विचारलं, पुष्पाबाई (म्हणजे आमची सौ.) आहे का घरात? आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या. माप आत, बोलणं आत, हसणं आत. पूर्वी बायका जुनी चोळी मापाला पाठवायच्या, ती माझ्या हातात यायची. आता आतून फक्त कापड येतं आणि सौ. सांगते कुठे कापायचं.

नोंद करून ठेवतो: ज्या घरात मशीन मी आणली, त्या घरात मला पाहुण्यासारखा चहा मिळाला.

ता. १२ नोव्हेंबर.

निश्चय केला. आई सकाळी मारुतीला जाते. तेवढ्या वेळात पाय ठेवायचा. लक्ष्मीची मनातल्या मनात क्षमा मागितली. धर्मात तशी सोय आहे.

आई गेली. सौ. पाण्याला गेली. बसलो. नवऱ्या मुलीच्या शालूवरचा झंपर मशीनवर अर्धा होता, म्हटलं आपणच पुरा करावा. पहिल्याच दाबाला चाक पुढे गेलं. वाह. तेवढ्यात बारकी पाळण्यात रडू लागली. रडण्यामुळे लक्ष विचलित झालं. मशीन भरधाव सुटली, मी सोडेना, ती सोडेना. थांबलो तेव्हा बाही पाठीला शिवली गेली होती, बाहीचं तोंड बंद, आणि माझ्या सदऱ्याचं टोकही त्यात.

सौ. घागर घेऊन आली. मी मशीनला जोडलेलाच होतो. तिने आधी बारकीला घेतलं, मग सदरा सोडवला, मग टाके उसवायला बसली. हे मला सहन झालं नाही. मी म्हणालो, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला दगा दिला. आईने पाय धरला, रंगरावाने हँडल दाबलं, आणि तू, माझी बायको, माझ्या जागेवर जाऊन बसलीस. माझा आवाज जरा फाटला. मला खरंच फार वाईट वाटलं होतं, ते इथे लिहायला हरकत नाही.

तिने टाके उसवताना वर पाहिलं नाही. म्हणाली, “तुमी बारकीचा पाळणा कधी हालवला काय? येक डाव तरी?”

प्रश्नाचा मशीनशी संबंध नव्हता.

ता. ३० नोव्हेंबर.

ऑर्डर पुरी. किसनराव बघून गेले. म्हणाले, डोणगावात असं काम झालं नव्हतं. मी म्हणालो, यंत्राची कृपा. ते म्हणाले, मांडवात या, रीत माहीत आहेच तुम्हाला.

आता मन शांत आहे. लोक काही म्हणोत, दुकान माझं, कात्री माझी, ऑर्डर माझ्या शब्दावर आली. फेटा डोक्यालाच बांधतात, पायाला नाही. वडिलांचा फेटा पेटीतून काढून डोक्याचा घेर मोजून ठेवला. नव्या फेट्याच्या वेळी मान किती झुकवायची, तेही आरशात बघितलं.

ता. ९ डिसेंबर. लग्न.

पुढच्या रांगेत बसलो. टोपी काढून मांडीवर ठेवली होती, म्हणजे बांधणाऱ्याला त्रास नको. केसांना तेल. रंगराव मागे बसला होता, त्याला ऐकू जाईल असं वडिलांच्या फेट्याचं सांगत होतो.

किसनराव उठले. म्हणाले, आता शिवणाऱ्याचा मान. मी अर्धा उठलो. मागून शालूबाई ताट घेऊन आल्या. ताटात फेटा नव्हता. हिरवं लुगडं, खण, नारळ. किसनरावांनी नाव घेतलं, पुष्पाबाई.

मी अर्धा उठलेलाच राहिलो. बायकांच्या बाजूने सौ. उठली. सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं, ती म्हणणार, मान यांचा आहे. तिने बारकी माझ्या हातात दिली, पदर सारखा केला आणि पुढे गेली.

तिची ओटी भरली. आई रडत होती. परत येताना नारळ तिला धरवेना, तोही माझ्या दुसऱ्या हातात दिला. टोपी मांडीवरून खाली पडली होती, पण हात एकही मोकळा नव्हता. रंगरावाने उचलून माझ्या डोक्यावर ठेवली. तिरकी ठेवली. सरळ करता येईना. जेवण होईपर्यंत तशीच होती.

जेवण चांगलं होतं. मी कमी जेवलो. कुणाच्या लक्षात आलं नाही.

ता. १० डिसेंबर. दुपार.

सकाळपासून तीन घरच्या बायका येऊन गेल्या. सौ. मशीनवर. आई ज्वारी निवडते आहे. काजं-बटणं कुणी करायची, असा प्रश्न निघाला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

काजं करतो आहे. हात कामात आहेत, पाय रिकामे. आईने विचारलं नाही, सरळ पाळण्याची दोरी माझ्या अंगठ्याला बांधली. मी म्हणालो, हे मला जमणार नाही.

जमलं. दोरी ओढायची, सोडायची, पाळणा आपणच परत येतो. घाई करायची नसते. उलटं काही फिरत नाही. टाच आणि चवडा यांचं आज पहिल्यांदा एकमत झालं. बारकी झोपली. सौ.ने मशीन थांबवून बघितलं आणि म्हणाली, “हाव. बस असंच.”

संध्याकाळी आई नसताना पेडलवर पाय ठेवून पाहणार होतो. आता नक्की जमलं असतं. पण उठलो की बारकी जागी होते.