चाळीस जणांना शुभेच्छा

३ डिसेंबर
पोचले एकदाची! नऊ दिवस बोटीत ओकून काढले, पण सेंट मॉर्विनच्या काळ्या वाळूवर पाय टेकला आणि पोट जागेवर आलं. मोठ्या बेटावरच्या तारऑफिसात पंधरा वर्षं साहेबांची बोलणी खाल्ली; इथे बिनतारी खोलीची साहेब मीच, मर्टल. बेटाचे प्रमुख जोबकाका स्वतः होडी घेऊन न्यायला आले. शेजारच्या हेस्टरने मटण आणि बटाटे आणून दिले, वर सुनावलं की बाई, नीट खा, नाहीतर वाऱ्याने उडून जाल. बोट लगेच परतली. पुढची मार्चमध्ये.

७ डिसेंबर
माझ्याआधी इथे असलेल्या सायलसची नोंदवही वाचली आणि डोकं फिरलं. जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, छातीच्या तापाची साथ आली. त्याने राजधानीला अकरा तारा केल्या: डॉक्टर पाठवा, औषध पाठवा. उत्तर एकच, हवामान सुधारल्यावर विचार करू. त्यांचा विचार होईतो नऊ माणसं गेली. हेस्टरची चार वर्षांची नेल गेली. शेवटचा, नववा, सायलस स्वतः; हे जोबकाकांनी सांगितलं. मी त्याच्याच पलंगावर झोपते.

बेटावर आता एकतीस माणसं. माझ्यासकट बत्तीस, असं मी म्हटलं तर जोबकाका हसले. म्हणाले, इथला एक हिवाळा काढल्याशिवाय पाहुणा मोजणीत धरत नाहीत, बाई.

१८ डिसेंबर
पंतप्रधानांच्या नाताळच्या शुभेच्छांचा मजकूर आला. पंचवीस तारखेला ते रेडिओवर बोलणार. ‘दूर सागरातल्या माझ्या चाळीस शूर बांधवांनो!’ मेल्यांनी गेल्या वर्षीचाच कागद पुढे सरकवलाय. साथीबद्दल अवाक्षर नाही. मी तार ठोकली: चाळीस नाही, एकतीस. नऊ जण तुमची वाट बघत मेले. इथल्या रिवाजाप्रमाणे स्वतःला धरलं नाही.

२० डिसेंबर
उत्तर: ‘भाषण मुद्रित झाले आहे. मंजूर आकडा चाळीस. बेटाने आकडा जुळवून घ्यावा.’

जुळवून घ्यावा म्हणे! कबरी उकरू का? तशीच जाऊन जोबकाकांना तार वाचून दाखवली. हेस्टर तिथेच बटाटे निवडत होती. तिने दोनदा विचारलं, नक्की चाळीसच म्हणालेत ना, बाई? वरून हुकूम आहे ना तसा?

२५ डिसेंबर, दुपार
जे झालं ते झालं तसं लिहिते.

अकरा वाजता सगळे सभागृहात जमले. बाहेर लख्ख ऊन. रेडिओ मी लावला. इथली जुनी पद्धत अशी की पंतप्रधानांनी आकडा उच्चारला की थोरापासून धाकट्यापर्यंत प्रत्येकाने आपला आकडा ओरडायचा, म्हणजे आम्ही आहोत हे कळवायचं. ‘माझ्या चाळीस शूर बांधवांनो’ झालं. जोबकाका ओरडले, एक. आवाज पुढे सरकत एकतीसवर आला. तिथेच थांबला. मला रडू फुटणार होतं.

मागच्या रिकाम्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, बत्तीस.

मग तेहतीस, चौतीस. ओल्या मातीचा वास आला. शेवटचा आवाज लहान पोरीचा होता. चाळीस. हेस्टर किंचाळली, पण भीतीने नाही. ती धावत मागे गेली.

मी मोजणीत नव्हते.

२६ डिसेंबर
नऊही जण आपापल्या घरी गेलेत. चुली पेटल्यात. हेस्टर नेलचे केस विंचरते आहे, केसांतून वाळू पडते, ती हसते. कुणालाच भीती वाटत नाही, फक्त मला. सायलस सकाळपासून माझ्या दारात उभा. काही मागत नाही. पलंगाकडे बघतो.

दुपारी जोबकाका आले. टोपी काढून, मान खाली घालून बोलले. म्हणाले, हुकूम चाळीसचा आहे, बाई, आणि बेटावर एकेचाळीस झालेत. नेल आज पुन्हा खोकली. आकडा चुकला तर ती परत जाईल, मग तिच्या आईला कोण सावरणार? होडी तयार आहे, पाव ठेवलाय, पाणी ठेवलंय.

मी म्हटलं, धुकं उतरतंय, समुद्रात मरेन मी. ते म्हणाले, माहीत आहे, बाई. आम्हालाही वाईट वाटतं.

वाईट वाटतं! त्या राजधानीसारखंच बोलले अगदी.

२७ डिसेंबर
दाराला कपाट लावलंय. तार केली: आकडा एकेचाळीस करा. तातडीचं. जीव जाईल — एकेचाळीस —

पुन्हा केली. सायलसने केल्या तितक्याच झाल्या. अकरा.

दुपारी
उत्तर आलं. ‘नाताळनिमित्त कार्यालय दोन जानेवारीपर्यंत बंद. आपणा चाळीसही जणांना शुभेच्छा.’

आग लागो त्यांच्या — एका आकड्याला काय पडतं रे तुम्हाला — एक आकडा —

बाहेर सगळे उभे. चाळीस. कोणी ओरडत नाही. हेस्टर दाराशी येऊन समजावते आहे की बाई, तुम्ही मोजणीत नव्हतातच ना, मग जाताना कुणाचं काय कमी होतंय?

कपाट सरकलं — मी लिहीतच राहणार, कोणीतरी वाचा, मी होते इथे, मर्टल, मी धरून एके —

नेल आत आलीय. माझा हात धरलाय तिने. किती गा