नेमाचा आकडा

रवि. १ जून
व्हिडिओ गेमचे नऊ डाव. नऊही डावांत आधी मी मेलो. सुपी एकटी लढत राहिली आणि मी स्क्रीनवर तिच्या खांद्यामागून बघत बसलो. शेवटी हेडफोनमध्ये हळूच, "अण्णा, तू कुठं बघालास रे?" समोरच बघत होतो. नेम तिथं थांबत नाही त्याला काय करू!
मग खरं काय ते बाहेर आलं. जोड्यांची स्पर्धा आहे, नावं बावीसला द्यायची. तिच्या टोरांटोच्या ऑफिसातली एक मुलगी मागे लागलीय. "तिला अजून हो म्हटलं नाही. तीन रविवार बघू." सख्खी बहीण, आणि मला मुदत.
लग्न होऊन गेली त्याला चार वर्षं झाली. फोनवर आमची गाडी "जेवलास?"च्या पुढे जात नाही. बोलणं होतं ते रविवारी सकाळी सात ते नऊ, हातात बंदूक असताना. ते गेलं तर काय राहिलं?

सोम. २ जून
कामावरून आल्या आल्या सेटिंग उघडलं. कंट्रोलरची स्टिक अंगठ्याने ढकलली की नेम किती वेगाने फिरावा, त्याचा आकडा. एक ते दहा. व्हिडिओतले तज्ज्ञ म्हणतात सात. लावला सात.
लावल्यावर लक्षात आलं, आधी किती होता ते लिहूनच ठेवलं नाही. मी! अठरा वर्षं वजनकाटे तपासतोय. काट्याला हात लावण्याआधी आधीचं वाचन लिहा, हे लॅबमध्ये नव्या माणसाला पहिल्या दिवशी ओरडून मीच सांगतो. आणि तो आकडा सुपीने जाताना लावून दिलेला. तिला मेसेज केला. उत्तर: "मला काय आठवतंय आता!"

गुरु. ५ जून
सात म्हणजे छळ. कुणी डावीकडून आला की झटकन वळता येतं, पण नेम त्याच्या पुढे निघून जातो. मागे आणावा तर दुसऱ्या बाजूला. तोवर मी खलास.
शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला एका कँटीनचे काटे तपासायला गेलो होतो. येताना दोन तास ट्रॅफिक. अंगठा स्टिअरिंगवर सराव करत होता. मागचा हॉर्न मारतोय, आणि मी त्याच्यावर नेम धरून.

रवि. ८ जून
आज तीन. नेम ठरतो, पण वळायला इतका वेळ की पाठीत गोळी. सात डाव, पाच वेळा पाठीत.
सुपी ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "ठीकाय अण्णा, होतं असं." परक्या माणसाशी बोलते ती असं. दिवसभर डोक्यातून जात नाही.

मंगळ. १० जून
कंट्रोलरच बिघडलाय, खात्री. शिवाजीनगरला नेला. दुकानदाराने उघडला, स्टिक गरागरा फिरवली, लॅपटॉपला जोडून बघितलं. "सब सही है, साहब. हाथ का प्रॉब्लम." वर हसला.
गिऱ्हाईक काटा घेऊन भांडायला येतं तेव्हा मीही असाच हसतो का? बहुतेक.

बुध. ११ जून
डोकं शांत ठेवून विचार केला. आकडा मला माहीत असतो म्हणून हात आधीच घाबरतो. लॅबमध्ये काय करतो? किती वजन ठेवलंय ते न सांगता वाचायला लावतो. इथेही तेच.
बायकोला, शोभाला, कामाला लावलं. रोज संध्याकाळी मी गॅलरीत जायचं. तिने तीन ते सातमधला कुठलाही आकडा लावायचा, कॅलेंडरच्या मागे लिहायचा, मला सांगायचा नाही. मी खेळून दहापैकी मार्क देणार. रविवारी तेच सकाळी. आज पाचवर ठेवलंय, उद्यापासून सुरू.
शोभा: "अहो, मला त्यातलं स्वल्पसुद्धा कळत नाही." दोनदा दाखवलं. मान हलवली.

गुरु. १२ जून
गॅलरीतून टकटक ऐकू आली. सहा असावा. नेम निसटतो. मार्क ४.

शुक्र. १३ जून
हा नक्की चार! अंगठ्याला लगेच कळलं. मार्क ८.

शनि. १४ जून
बाईने सात लावला. मार्क २. कंट्रोलर सोफ्यावर आपटला. दुपारी लॅबमध्ये एका कंपनीच्या माणसाशी भांडण झालं होतं हे खरं, पण आकडा भिकारच.

रवि. १५ जून
परत चार. पैज लावतो. मार्क ९!! शेवटच्या डावात सुपी आधी मेली आणि तिघांना मी एकट्याने लोळवलं. ती किंचाळली, "अण्णाऽ! आज काय खाऊन बसलास?"
नंतर पंधरा मिनिटं नुसतं बोललो. नोकरीत मन लागत नाही म्हणाली. दिवसभर मराठी बोलायला कुणी नाही. वर्षभर असंच चाललंय, मला आज कळलं. रविवारची वाट बघते म्हणाली. मीही बघतो, असं म्हणायला हवं होतं, राहून गेलं.

मंगळ. १७ जून
काल ६, आज ५. लॅबचा नियम आहे, निम्म्यात उघडायचं नाही. उद्या उघडतो.

बुध. १८ जून
कॅलेंडर उलटलं. शोभाच्या सुबक अक्षरात: ५, ५, ५, ५, ५, ५.
"हे काय?"
"बदललाच नाही मी. पहिल्या दिवशी ते पानभर इंग्रजी बघितलं, म्हटलं काहीतरी बिघडवून ठेवेन."
"मग टकटक?"
"नुसतंच बटण. इकडून तिकडे, परत इकडे. तुम्ही गॅलरीत कान लावून उभे असायचा."
"सांगायचं तरी!"
"इतकं मन लावून मार्क लिहीत होता. सांगवेना."
म्हणजे एकाच आकड्याला मी दोनही दिले आणि नऊही. आणि चार ओळखला म्हणून छाती फुगवली. असा काटा माझ्यापुढे आला असता तर लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवला असता.

गुरु. १९ जून
बोलत नाहीये शोभाशी. ती बोलते आहे. "शनिवारी भांडून आलात, दोन. शुक्रवारी भजी खाऊन बसलात, आठ. मार्क मी आधीच सांगितले असते."
मला हे मान्य नाही. एवढं साधं असतं तर जगभर लोक या आकड्यावर तासतास भांडले असते का?
संध्याकाळी स्वतः चार लावून बघितला. काही कळलं नाही. चांगला की वाईट, काहीच नाही. अंगठा माझा, आणि त्याची साक्ष मलाच चालेना.

शनि. २१ जून
सुपीला फोन केला, सगळं सांगितलं. इतकी हसली की तिकडे तिच्या नवऱ्याने येऊन विचारलं. सुपी म्हणाली, "वैनीला माझा नमस्कार सांग." आणि मग, "नाव उद्या खेळून झाल्यावर भरते हं." कुणाचं, ते मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.
माझ्यामुळे हरलो तर चालेल. तिने कीव येऊन माझं नाव भरलं तर चालणार नाही. आणि नाही भरलं तर तेही सोसणार नाही, हे लिहून ठेवतो.

रवि. २२ जून
सातला दहा कमी. खेळून झाल्यावर अक्कल येईल, म्हणून आधीच लिहितोय.
मघाशी शोभा हात पुसत आली. "आज लावून देऊ? आता येतंय मला." शुक्रवारी दुपारी शिकली म्हणे, एकटी बसून. मी गॅलरीत गेलो. टकटक झाली. कितीदा ते मोजलं नाही, मुद्दाम. विचारलंही नाही. आत आलो तेव्हा ती पोहे भिजवत होती.
आधीचं वाचन, हात लावण्यापूर्वी:
आकडा: माहीत नाही.
अंगठा: ठीक.
हात: गार.
भीती: आहे, भरपूर.
हेडफोनमध्ये आवाज आला. "अण्णा, आलास?"