आमच्या घरात मी परकी ठरले

ती. वहिनींना वाकून नमस्कार. (कंबर धरलीय, पण वाकले असं समजा.) गुडघ्याला तेल लावता ना? नसाल लावत तर मग कुरकुर करू नका. आम्ही सगळे मजेत, त्यातून मी कालपासून जरा जास्तच.

तुमची भाची नववीत गेलीय. तिच्या नागरिकशास्त्राच्या बाईंनी घरी करायला काम दिलं. आपलं घर म्हणजे एक देश समजा, त्याचे नागरिक कोण ते ठरवा, कायदे करा आणि सोमवारी वर्गात उभं राहून सांगा. मार्क आहेत त्याला. (आमच्या वेळी बाई पाढे द्यायच्या, देश नाही.) झालं, काल पोरीने सगळ्यांना टेबलाशी बसवलं आणि जाहीर केलं, या घरात जन्मला तो आपोआप नागरिक. म्हणजे ती आणि तिचे बाबा. लग्न करून आलेल्यांनी शपथ घ्यायची. सासूबाई, ज्यांना एरवी उठवायला दोन माणसं लागतात, त्या टुणकन उठून शपथ घेऊन मोकळ्या! मी म्हटलं, ओटा झिजला माझ्या हाताने, आता शपथ कसली घेऊ? जा, नाही घेत. तर पोरगी म्हणते, "मग आई, तू परकी." यांनी पेपर तोंडासमोर धरला. सासूबाई म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम."

असा संताप आला म्हणून सांगू! पण म्हटलं, परकी तर परकी. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले. परक्या बाईने लोकांच्या स्वयंपाकघरात कशाला लुडबुडायचं? मीठ कुठे, तेल कुठे, विचारायला यायचे. मी म्हणायचे, तुमचा देश, तुम्ही शोधा. भात खालून करपला, वरून कच्चा. नागरिकांनी मुकाट गिळला. पण वहिनी, पाहुणी म्हणून मला आधी वाढलं हो! लग्नानंतर पहिल्यांदा गरम जेवले. (दाताखाली कचकचत होतं, पण गरम.)

जेवणं झाली तशी पोरगी पायाशी घुटमळायला लागली. देशात आई का नाही, असं बाईंनी विचारलं तर काय सांगू, म्हणताना डोळे भरले तिचे. मग आपणच कायदा खोडला आणि लिहिलं, जो घर चालवतो तो नागरिक, शपथ नको. घेतलं मी तिला जवळ. बघा, पैकीच्या पैकी मिळवते की नाही!

तुमची नणंद

ता. क. नवा कायदा पुढच्या महिन्यापासून लागू करायचा, असं मीच सांगितलंय. तोवर खुर्ची सोडत नाही.

आणखी एक. या आठवड्यात तुमच्याकडे येते. जुना कायदाच तिथे लावू. तुम्ही लग्न करून आलेल्या, शपथ मात्र घ्यायची नाही. मी जन्मले तिथेच, पण लग्न करून गेले तेव्हा नागरिकत्व सुटलं, असं एक कलम वाढवू. दोघी परक्या. नागरिक उरला एकटा दादा. मी जेवायला थांबणार आहे, हे त्याला सांगून ठेवा.