कचरू पुंजाराम नावाचा इसम

मु. आष्टी
ता. १२ फेब्रुवारी १९५७

चि. भुजंगास,

द्वारकाआक्काचा आशीर्वाद. आम्ही सगळे बराबर आहोत, तू तुझी खुशाली कळवत जा. दिल्लीच्या थंडीत कानाला काही बांधतोस का तसाच मिरवतोस? लहानपणी कान ठणकला की सगळं घर डोक्यावर घ्यायचास, मला याद आहे. यंदा ज्वारी चांगली आहे. हुरडा संपत आला. तुझ्या नावानं एक कणीस भाजलं अन् मीच खाल्लं.

तुझं पाकीट मिळालं. अक्षर अजून कोंबडीचे पायच. पण परराष्ट्र खात्यात तू साधा कारकून, तरी साहेबाच्या मागं लागून लागून गोव्याच्या पोर्तुगीज सरकारला, सत्याग्रहाला गेलेल्या आपल्या कचरूबद्दल विचारायला लावलंस. दोन सरकारांची बोलचाल बंद, मंग तिसऱ्याच देशाच्या वकिलातीतून पत्रं फिरली. दीड वर्ष, आपल्या एका पोरासाठी. माझ्या बापाच्या घरी वाढलास, मामाचं नाव काढलंस बाबा.

माय म्हणाली, अंगणात वाच, सगळ्यांना ऐकू दे. कचरूची बायको पुष्पा तिथंच तुरी पाखडून राह्यली होती. मी चौथी शिकलेली, तू मराठीत उतरवून पाठवलेलं अडखळत वाचलं. “कचरू पुंजाराम नावाचा इसम आमच्या तुरुंगात नव्हता व नाही. मराठवाड्यातील उद्धव पुंजाराम हा सत्याग्रही कैदी मात्र गेल्या पावसाळ्यात तापाने वारला. वारस न आल्याने तेथेच माती देण्यात आली.” खाली तुझी ओळ: हा आपला नव्हे, खुलासा झाला म्हणून साहेबानं फाईल बंद केली, आता ती दफ्तरखान्यात जाईल. पुंजाराम नावाचे बाप आपल्याकडं गावोगाव आहेत, तुझं काही चुकलं न्हाई.

माय म्हणाली, “उद्धव तर कव्हाच गेला. सरकारला आत्ता कळालं व्हय?” अन् हसली. भुजंग, तिला हसताना मी किती महिन्यांनी पाहिलं.

तुला कुठून माहीत असणार, तू जन्मायच्या आधीचं हे. माझ्या पाठीवर उद्धव झाला, नऊ महिन्यांचा होऊन गेला. त्याच्यामागं दोन गेले, त्यांची तर नावंसुद्धा ठेवली नव्हती. मंग हा झाला तेव्हा सुइणीनं त्याला उकिरड्यावर ठेवलं अन् मला म्हणाली, जा, सापडलं म्हणून उचलून आण. मी आठ वर्षांची. आणलं. नाव ठेवलं कचरू. काळानं म्हणावं, ह्या घाणीत कोण हात घालतंय. मायचा आजही त्या नावावर भरोसा आहे. कचरूला कोण नेतंय, म्हणते.

त्याला मात्र त्या नावाची लाज. शाळेत पोरं चिडवायची. सत्याग्रहाला निघाला तेव्हा मी अन् पुष्पा परतूरच्या स्टेशनावर पोचवायला गेल्तो. हसत म्हणाला, “आक्का, परक्या शिपायापुढं काय कचरू सांगू? थोरल्या भावाचं नाव रिकामंच पडलंय, तेच सांगतो.” मी म्हणलं, सांग बाबा, त्यात कोणाचं काय जातंय.

आता कळालं तुला.

वाचून झालं तेव्हा पुष्पाचं सूप थांबलं होतं. मंग परत पाखडू लागली. तिचा बाप तीर्थपुरीहून दोनदा येऊन गेला. म्हणतो, जावई हाय का न्हाई ते सरकारकडून लिहून आणा, मी पोरीचा पाट लावतो, ह्या वयात तिला किती दिवस बसवायची? त्याचं खरं आहे. माझं कुंकू पुसलं तेव्हा मी तिच्याएवढीच होते, मला कोणी काही विचारलं न्हाई. म्हणून तुला लिहायलाच बसले होते की साहेबाला सांग, दोन्ही नावं एकाचीच. पण फाईल उघडली की पत्र चावडीवर येईल, गाव गोळा होईल. पुष्पा सुटेल अन् माय मरेल. तेवढ्यात पुष्पाच जवळ आली. म्हणाली, “आक्का, म्हातारी हाय तवर असंच राहू द्या.” मी विचारलं, अन् तुझं काय? ती पाणी भरायला निघून गेली. आज सकाळी तिनं कुंकू लावलं, रोजच्यासारखं, मायच्या समोर बसून. मला तिच्याकडं पाहवलं न्हाई.

मी खाते, झोपते, शेतात जाते. पण आता कशाचीच वाट पाहायची राहिली न्हाई, अन् ते रडूनही दाखवता येईना.

साहेबाला काही सांगू नको. सरकारच्या कागदात कचरू न सापडलेलाच राहू दे. फक्त एक कर. ती फाईल शिपायाच्या हातून पाठवू नको. तू स्वतः उचल अन् दफ्तरखान्यापर्यंत चालत ने. वाटेत कोणाशी बोलू नको. त्याच्या मातीला आपलं कोणी नव्हतं रे. मंग घरी जाऊन अंघोळ कर.

माय शेजारी बसून सांगून राह्यली, लिव्ह: कचरूचा पत्ता लागला की जल्दी तार कर, खर्चा आम्ही देऊ.

लिहिलं.

कचरूला उकिरड्यावरून घरी आणणारी,
तुझी द्वारकाआक्का